स्वस्त भाग मरू दे, बॉडी वाचव

कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, पॉलिथिनच्या पिशवीत घालून आणला होता. तो जिचा, ती जुनी ३५० बुलेट ठाण्यात खाडीच्या बाजूच्या एका इमारतीखाली तीन पावसाळे उभी होती आणि पेट्रोलचा कॉक चालूच राहिला होता. कार्ब्युरेटर मिककार्ब कंपनीचा, व्हीएम २४ मॉडेल. थ्रॉटलची स्लाइड (हवेची वाट कमी-जास्त करणारा सरकता भाग) खाली चिकटलेली, बाऊलच्या (तळाच्या पेट्रोलच्या वाटीच्या) चार स्क्रूंपैकी एकाचं डोकं गोल झालेलं, चोकचा दांडा जागचा हलत नव्हता. कॉक चालू राहिला की बाऊलमधलं पेट्रोल उडत जातं आणि टाकीतून नवीन येत राहतं. प्रत्येक वेळी मागे थोडा राळेसारखा थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं. त्या पाण्याने बॉडीच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या ओतीव सांगाड्याच्या, आत पांढरी भुकटी धरते. राळ आणि भुकटी मिळून प्रत्येक भाग जणू सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो.

एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि नव्या बुलेटमध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन आलं. त्यामुळे गॅरेजमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांच्या हाताखालून असे कार्ब्युरेटर जातच नाहीत. त्या दिवशी हाताखाली असलेल्या पोराने आधी विचारलं, "दादा, हातोडी देऊ?" म्हटलं, "हातोडी नको. मोठं पातेलं घासून ठेव."

हात लावायच्या आधी ठरवायचं ते एकच: जोर लागला तर तुटणार कोण. जेट (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाचे पितळी तुकडे), स्क्रू, फ्लोटची (बाऊलमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पिन, गास्केट हे सगळं किटमध्ये मिळतं. बॉडीचा एक खांब तुटला किंवा आटे गेले की कार्ब्युरेटर गेला. म्हणून जोर नेहमी असा द्यायचा की हार पत्करायची वेळ आली तर ती पितळेने पत्करावी, बॉडीने नाही.

सुरुवात बाऊलच्या स्क्रूंपासून. हे स्क्रू फिलिप्सचे दिसतात, पण मूळचे जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यांच्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि डोकं खाऊन टाकतो. चौथ्या स्क्रूचं आधी कोणीतरी नेमकं हेच करून ठेवलं होतं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून, बाटली दर वेळी हलवून, चारही स्क्रूंच्या मुळाशी थेंब सोडले आणि तासभर तसंच ठेवलं. योग्य ड्रायव्हरने तीन सुटले. चौथ्याच्या डोक्यावर सुंब्याने (पंचने) खूण केली आणि ४ मिलिमीटरचं ड्रिल फक्त डोक्यापुरतं चालवलं. डोकं उडालं, बाऊल निघाला, आणि स्क्रूचा खुंट बॉडीवर उभा राहिला. तो पकडून फिरवता येतो, म्हणून डोकं गेलेल्या स्क्रूमध्ये एक्स्ट्रॅक्टर (तुटका स्क्रू काढायचं हत्यार) ठोकायच्या नादी लागू नये. बारीक एक्स्ट्रॅक्टर तुटला तर तो इतका कडक असतो की ड्रिल त्याला लागत नाही.

आता फ्लोटची पिन. सगळ्यात नाजूक जागा हीच. दोन बारीक खांब आणि त्यातून गेलेली पिन. पिन एका खांबात घट्ट आणि दुसऱ्यात सैल असते, म्हणून ती घट्ट बाजूकडे, म्हणजे सैल बाजूने आत ढकलत काढायची. भिंग लावून पाहिलं तेव्हा एका टोकाचा घेर किंचित मोठा दिसला. ती घट्ट बाजू. दोन खांबांच्या मधे सागाची पाचर अशी बसवली की धक्का खांबाला न लागता लाकडावर जावा. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक मिनिटभर पिनेवर टेकवलं. आधी काहीच झालं नाही. मग पिनेच्या कडेला तांबूस बुडबुडा आला आणि शिळ्या वार्निशचा वास सुटला. पिन थंड होऊ दिली, पुन्हा तापवली. तिसऱ्या खेपेला पिनेपेक्षा बारीक सुंब्याने, हातोडीच्या फक्त वजनाने, पिन केसभर सरकली. ती सरकली की पुढचं सोपं होतं.

फ्लोट आणि रबराचे सगळे ओ-रिंग काढल्यावरच बॉडी पाण्यात घातली. पेट्रोल पूर्ण सुकलेलं हवं, नाहीतर गॅसजवळ नेऊही नये. पातेल्याच्या तळाला फडकं, साधं पाणी, थोडा भांडी घासायचा साबण, आणि अर्धा तास उकळी. लिंबू, चिंच, व्हिनेगर घालू नका. पितळेच्या भांड्याला ते चालतं, पण आम्ल बॉडीच्या मिश्रधातूतल्या जस्ताला खातं. कॉस्टिक सोडा तर अ‍ॅल्युमिनियम सरळ विरघळवतो.

उकळण्याचा हिशेब असा: डायकास्ट (साच्यात ओतलेली) बॉडी उष्णतेने स्टीलच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून जास्त फुगते, पण पितळेपेक्षा थोडीच जास्त. ५ मिलिमीटरच्या भोकात पितळी जेट असेल तर उकळीपर्यंत जेमतेम एक ते तीन मायक्रॉनची फट पडते. म्हणून चौथ्या स्क्रूचा खुंट गरम असताना लॉकिंग प्लायरने लोण्यासारखा फिरला, जेट मात्र हलले नाहीत. पितळेसाठी एक उष्णता पुरत नाही. तापव, थंड कर, थेंब सोड, हे तीन-चार वेळा करावं लागतं.

स्लाइडआधी आयडलचा (उभ्या गाडीचं इंजिन मंद चालू ठेवणारा) स्क्रू पूर्ण बाहेर काढला, कारण त्याचं टोक स्लाइडला अडवतं. केबल पकडीने ओढायची नाही, स्लाइडची खाच फाटते. स्लाइड फिरवायचीही नाही, कारण तिला बाजूने खिळीची वाट असते. गरम बॉडी हातमोज्यात धरून, तोंड खाली करून लाकडी फळीवर सपाट आपटली. आतून लाकडी काडीचा रेटा फक्त स्लाइडच्या कडेला दिला, मधल्या सुईला नाही. पाचव्या ठोक्याला स्लाइड फळीवर पडली. चोकचा दांडा उकळीनंतर आपोआप सुटला.

मेन जेट सुटल्यावर नीडल जेट (ज्यात स्लाइडची सुई उतरते तो) खालून वर ढकलावा लागतो. भंगारातला एक मेन जेट त्यात चार आटे फिरवला आणि त्याच्या डोक्यावर लाकडाने टकटक केली. खुणा पडल्या त्या भंगारातल्या जेटवर.

पायलट जेटने (आयडलला पेट्रोल देणाऱ्या जेटने) दुपार खाल्ली. खोल अरुंद भोकात बसलेला, खाच अर्धी झिजलेली. बाजारातले ड्रायव्हर टोकाला निमुळते असतात, म्हणून वर चढतात. जुन्या ड्रायव्हरचं टोक कानशीने समांतर केलं, खाचेत तळाला टेकेल इतकं. आधी केसभर घट्ट करायच्या दिशेने फिरवला, मग उलटा. खाच तरीही गेली. तेव्हा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणून ठेवलेला उलट्या पिळाचा बारीक ड्रिल हातमुठीच्या चकमध्ये लावून हळूहळू फिरवला. ड्रिलने जेटला धरलं आणि जेट ड्रिलबरोबरच फिरत वर आला. बॉडीचे आटे शाबूत होते.

मग प्रत्येक वाटेत स्प्रे मारून धार कुठून निघते ते पाहिलं. स्लाइडच्या खालचं पायलटचं बारीक भोक बंद होतं. ते मासेमारीच्या नायलॉन दोरीने मोकळं केलं. स्टीलची तार इथे कधीच नाही. नवे जेट, जुन्याच नंबरांचे. बाऊलला एलन डोक्याचे (षट्कोनी खाचेचे) स्क्रू, आट्यांना ग्रीसचा थेंब, आणि बोटांच्या जोराइतकेच आवळलेले. एअर स्क्रू (आयडलच्या मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) आत टेकवून दीड आटा बाहेर.

रात्री बाऊल पेट्रोलने भरून कार्ब्युरेटर वर्तमानपत्रावर, ज्योतीपासून लांब, उघड्या जागेत उभा केला. सकाळी कागद कोरडा होता. गाडीला बसवला, तिसऱ्या किकला इंजिन लागलं. गरम झाल्यावर एअर स्क्रू पाव आटा आत घेतला आणि आयडल स्थिर झालं.