मरून बनियनवरचं पांढरं वचन

सोलापुरात युनिफॉर्मचा धंदा मोठा, त्याच्याच कडेला आम्ही जर्सी छापणारे. नाव, नंबर, लोगो, बहुतेक दिवस यातच जातात. एका दुपारी मात्र बाहेरच्या क्लबकडून करारावर फुटबॉल खेळणारा इथलाच एक मुलगा क्लबची मरून जर्सी आणि पांढरी बनियन घेऊन आला.

"दादा, जर्सीवर छोटा क्रूस आणि बनियनवर बायबलचं वचन, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. गोल झाला की जर्सी वर करून दाखवणार."

जर्सीवरच्या क्रूसाला मी लगेच नकार दिला. फुटबॉलच्या चौथ्या नियमानुसार साहित्यावर धार्मिक, राजकीय किंवा वैयक्तिक मजकूर, चित्र चालत नाही आणि बनियनवर असेल तर ते उघडं करायचं नाही. शिवाय गोलच्या आनंदात जर्सी काढली की मजकूर असो-नसो, पिवळं कार्ड. मजकुराची कारवाई स्पर्धेचे आयोजक वेगळी करतात. छातीवर क्रूसाची खूण करायला, गुडघे टेकून प्रार्थना करायला मात्र या नियमाची आडकाठी नाही.

त्याने मोबाईलवर काका नावाच्या ब्राझिलियन फुटबॉलपटूचा फोटो दाखवला: 2007, अथेन्स, चॅम्पियन्स लीगची फायनल जिंकल्यावर छातीवर 'मी येशूचा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. पण 2014 पासून बनियनवरच्या मजकुराबाबत नियम फार कडक झाला. 2024 मध्ये क्रिस्टल पॅलेस या इंग्लिश क्लबच्या मार्क गुएहीने कर्णधाराच्या इंद्रधनुषी पट्टीवर मार्करने येशूबद्दलचं प्रेम लिहिलं, तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नियमाची आठवण करून दिली, कारवाई केली नाही. दरवेळी असंच सुटेल, या भरवशावर कुणी राहू नये. क्लबवाले हे खेळाडूंना नीट समजावत नाहीत, याचा मला राग येतो. कारवाई शेवटी पोरांवर येते.

पांढरी बनियन तर तशीही बाद. आतल्या बनियनचा रंग जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाशी जुळावा लागतो. म्हणजे मरून पॉलिएस्टर, आणि खरी अडचण तिथंच. त्यावर साधं पांढरं व्हिनाइल, म्हणजे उष्णतेने कापडाला चिकटणारी प्लास्टिकची पातळ फिल्म, 150-160 अंशांवर दाबलं की कापडातला रंग उष्णतेने वाफ होऊन व्हिनाइलमध्ये चढतो. मशीनवरून उतरताना अक्षरं दुधासारखी, दोन दिवसांत गुलाबी. असे गुलाबी नंबर गावात कितीतरी पाठींवर दिसतात. घाईत काम उरकणाऱ्यांची ही देणगी. इथं रंग अडवणारा थर असलेलं व्हिनाइलच लागतं. अक्षरं उलटी कापायची, नको तो भाग सोलायचा. वेलांट्या आणि अनुस्वाराचे ठिपके चिमट्याबरोबर निघून येतात, म्हणून जाड वळणाचा फॉन्ट. कापड आधी काही सेकंद दाबून ओल घालवायची, मग 130 अंशांच्या आसपास, टेफ्लॉन शीट ठेवून, पंधराएक सेकंद.

मी सुचवलं, वचन आतल्या बाजूने छापू, छातीला लागून. नियमाचा प्रश्नच मिटेल.

"मग साक्ष कशी होणार?" तो म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. चर्चमध्ये साक्ष म्हणजे चारचौघांत सांगणं, हे मलाही माहीत आहे. पण लपवायला सांगणं हे छापणाऱ्याचं काम आहे का? आणि उघड छापून दिलं, तर त्याला होणाऱ्या शिक्षेत माझा हात नाही का?

शेवटी वचन मरून बनियनवर बाहेरूनच छापलं, त्याच्या म्हणण्याप्रमाणे. सामन्यात जर्सी वर करणार नाही, असा शब्द त्याने दिला. मी सांगितलं, चोवीस तास धुवू नकोस, नंतर उलटी करून गार पाण्यात, इस्त्री अजिबात नाही.