ताठ स्प्रिंगा, नव्या प्लेटा आणि न सुटणारा क्लच

मोटरसायकलच्या क्लचमध्ये सुधारित भाग बसवल्यानंतर प्रामुख्याने दोन तक्रारी उद्भवतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. एक तर क्लच घसरतो, म्हणजे थ्रॉटल उघडला की इंजिनाचे आरपीएम चढतात, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. किंवा तो ओढतो, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध पुरता तुटत नाही, पहिल्या गिअरमध्ये उभी असलेली गाडी पुढे सरकू पाहते आणि इंजिन तापल्यावर न्यूट्रल सापडेनासा होतो. माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगांच्या जागी अधिक ताठ स्प्रिंगा आणि फ्रिक्शन प्लेटांचा नवा संच बसवल्यावर ही दुसरी तक्रार सुरू झाली. क्लचची पकड उत्तम होती, फक्त तो सुटत नव्हता.

अशा वेळी बहुतेक जण लगेच केबलचा ॲडजस्टर फिरवू लागतात. माझ्या मते त्याआधी क्लचच्या आतला हिशोब समजून घेणे जास्त उपयोगाचे आहे, कारण ॲडजस्टरला कुठवर यश येऊ शकते हे त्या हिशोबावरूनच कळते. बहुप्लेटी क्लचमध्ये इंजिनासोबत फिरणाऱ्या भांड्यात, म्हणजे बास्केटमध्ये, अडकलेल्या फ्रिक्शन प्लेटा आणि गिअरबॉक्सला जोडलेल्या हबवरच्या स्टील प्लेटा आळीपाळीने रचलेल्या असतात; स्प्रिंगा प्रेशर प्लेटेमार्फत त्यांना एकत्र दाबतात आणि लिव्हर ती प्रेशर प्लेट उचलतो. तेलात बुडालेल्या अशा क्लचची टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पेलण्याची क्षमता चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: घर्षणाचा गुणांक, स्प्रिंगांचा एकूण दाब, घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या आणि प्लेटांची सरासरी त्रिज्या. स्प्रिंगांचा दाब १० टक्क्यांनी वाढवला, तर क्षमता १० टक्क्यांनी वाढते आणि लिव्हरही साधारण तेवढाच जड होतो. सात फ्रिक्शन प्लेटांच्या क्लचमध्ये १४ पृष्ठभाग असतात. काही संचांमध्ये पातळ स्टील प्लेटा देऊन आठवी फ्रिक्शन प्लेट बसवण्याची सोय केलेली असते. त्याने पृष्ठभाग १६ होतात आणि क्षमता सुमारे १४ टक्क्यांनी वाढते.

जाहिरातीत इतकेच सांगितले जाते, सुटण्याचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही. लिव्हर दाबल्यावर प्रेशर प्लेट समजा १.४ मिलीमीटर उचलली जाते. १४ पृष्ठभागांत ही जागा वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१ मिलीमीटर येते, आणि पृष्ठभाग १६ झाले की हीच फट ०.०९ मिलीमीटरपेक्षाही कमी होते. एवढ्या फटीत तेलाचा थरही मावायचा असतो आणि स्टील प्लेटेचा किंचित वाकही सामावायचा असतो. त्यामुळे एखादी प्लेट ०.१५ मिलीमीटर वाकलेली असेल, तर जुन्या जुळणीत जेमतेम चालून जाणारा क्लच नव्या जुळणीत ओढू लागतो आणि दोष नव्या भागांवर येतो. स्टील प्लेट नवी असो वा जुनी, सपाट काचेवर ठेवून तिच्या कडेखाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवून पाहणे हे मी म्हणूनच अनिवार्य मानतो. किती वाक चालेल याची मर्यादा त्या त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

माझ्या गाडीत प्लेटांची संख्या तीच होती, वाकही नव्हता आणि संचाची एकूण जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजली असता मॅन्युअलच्या मर्यादेत होती. तेव्हा प्रश्न उरला तो प्रत्यक्ष उचल किती मिळते याचा. या गाडीचा पुशरॉड (प्रेशर प्लेट ढकलून उचलणारी दांडी) डाव्या बाजूने येत असल्यामुळे तेल काढून उजवीकडचे झाकण उघडले तरी लिव्हर काम करत राहतो, आणि प्रेशर प्लेटेवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) टेकवून तिची उचल सरळ वाचता येते. ज्या इंजिनांत क्लच उचलण्याची यंत्रणा झाकणातच असते, तिथे ही सोय नाही. इंजिन बंद ठेवून मी लिव्हर दाबला, तेव्हा उचल मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली. मग केबल सोडवली आणि इंजिनावरील क्लच आर्म (केबल जिला ओढते ती छोटी तरफ) पान्याने थेट फिरवला. आता उचल पुरेपूर आली. याचा अर्थ बास्केट, हब, पुशरॉड आणि त्याचे बेअरिंग निर्दोष होते, आणि हँडलपासून आर्मपर्यंतच्या वाटेत कुठेतरी हालचाल हरवत होती.

ती केबलमध्ये हरवत होती. केबलच्या आतली तार ताण आला की किंचित लांबते आणि बाहेरचे गुंडाळीचे आवरण किंचित आखडते. मूळ स्प्रिंगांच्या दाबाखाली हा तोटा खपून जातो. ताठ स्प्रिंगांखाली मात्र तोच तोटा वाढतो आणि प्रेशर प्लेटेपर्यंत पोहोचणारी उचल तेवढ्याने घटते. खात्री करण्यासाठी मी जुन्या स्प्रिंगा परत लावून त्याच केबलने उचल मोजली, तेव्हा ती वाढली. आवरण जुने असेल, हँडलजवळ त्याला तीव्र वळण असेल किंवा लिव्हरच्या खिळीचे भोक झिजून मोठे झाले असेल, तर तोट्यात आणखी भर पडते. नवी केबल मूळ मार्गानेच, वळणे मोठी ठेवून बसवल्यावर ताठ स्प्रिंगांसहही उचल समाधानकारक झाली आणि तापलेल्या इंजिनावरही न्यूट्रल सहज पडू लागला. आर्मचा कोनही यात महत्त्वाचा असतो: जोर लागताना आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन असावा, नाहीतर केबल ओढली जाते पण आर्म त्या मानाने फिरत नाही. अनेक इंजिनांवर यासाठी खूण केलेली असते. नव्या, जाड प्लेटांमुळे आर्मची विश्रांतीची जागा बदलते, म्हणून आतला ॲडजस्टर स्क्रू असेल तर सुरुवात तिथून करावी आणि हँडलजवळच्या ॲडजस्टरने शेवटची किरकोळ जुळवणी करावी.

उचल पुरेशी असूनही क्लच ओढत असेल, तर बास्केटची बोटे, म्हणजे फ्रिक्शन प्लेटांचे दात ज्यांच्यामध्ये बसतात ते कडेचे उभे भाग, पाहावीत. जुन्या फ्रिक्शन प्लेटांच्या दातांनी त्यांत खाचा पाडलेल्या असतात, आणि नव्या प्लेटा त्या खाचांत अडकून एकमेकींपासून दूर सरकत नाहीत. उथळ खाचा कानशीने सपाट करता येतात. खोल असतील तर बास्केट बदलणेच शहाणपणाचे, कारण जास्त घासल्याने बोटे बारीक होतात आणि दातांना ढील मिळते. हब आणि बास्केट यांना एकमेकांवर घासू न देणारा त्यांच्यामधला थ्रस्ट वॉशर बसवायचा राहिला, तरीही क्लच सतत ओढतो आणि त्यावर बाहेरून कोणतीही जुळवणी उपयोगी पडत नाही.

लिव्हर हँडलपर्यंत येण्याआधीच ठामपणे अडला, तर मात्र जोर लावू नये. जाड तारेच्या स्प्रिंगेचे वेढे पूर्ण उचल मिळण्याआधीच एकमेकांना टेकत असतील, तर त्या गाडीसाठी ती स्प्रिंग चुकीची आहे, दुसरे काही नाही. लिव्हर हलका करणाऱ्या असिस्ट पद्धतीच्या क्लचमध्ये तर ताठ स्प्रिंगा घालण्याआधी दोनदा विचार करावा, कारण तिथे दाबाचा काही भाग इंजिनाच्या जोराने प्लेटा आवळणाऱ्या उतरत्या कॅमकडून येतो आणि स्प्रिंगा मुद्दाम मऊ ठेवलेल्या असतात.

घसरण्याच्या तक्रारीत पहिली तपासणी लिव्हरच्या मोकळ्या हालचालीची. अनेक गाड्यांत ती लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटर असावी लागते. ती शून्य असेल, तर क्लच कायम अर्धवट दाबलेलाच राहतो. त्यानंतर संचाची जाडी मोजावी, कारण संच १ मिलीमीटरने पातळ असेल तर प्रत्येक स्प्रिंग तेवढी सैल राहते आणि ताठ स्प्रिंगांचा फायदा तिथेच निघून जातो. दातेरी प्रेशर प्लेट हबच्या खाचांत नीट न बसता दातांवर टेकून आवळली गेली, तर नव्या प्लेटाही घसरतात. तेलाचे म्हणाल, तर १९९८ साली आलेल्या जासो (जपानी वाहन-मानक संस्था) टी ९०३ मानकातील एमए वर्गाचे तेल तेलात बुडालेल्या क्लचसाठी असते आणि एमबी वर्गाचे कमी घर्षणाचे. २००६ च्या आवृत्तीत एमएचे एमए१ आणि एमए२ असे पोटवर्ग झाले, त्यांपैकी एमए२ मध्ये घर्षण अधिक मिळते. मोटारीसाठीचे इंधनबचतीचे तेल इथे वापरू नये.

थंड इंजिनावर मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत प्लेटा तेलाने चिकटलेल्या असतात आणि पहिला गिअर टाकताना थोडा आवाज होणे स्वाभाविक आहे. मेन स्टँडवर, इंजिन तापलेले असताना, पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून मागचे चाक फिरताना दिसले तरी हलक्या ब्रेकने ते थांबत असेल आणि इंजिनावर ताण जाणवत नसेल, तर ती तेलाची नेहमीची ओढ समजावी.

नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी तेलात भिजवलेल्या असाव्यात, आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे करत, मॅन्युअलमधील टॉर्कपर्यंतच आवळावेत. हबमधले या बोल्टांचे आटे अनेकदा ॲल्युमिनियमचे असतात आणि जास्त जोराने सहज उखडतात. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरमध्ये प्लेटा एकमेकींवर बसतात, संच किंचित पातळ होतो आणि केबलच्या क्लचमध्ये त्यामुळे मोकळी हालचाल कमी होते. म्हणून या काळात ती पुन्हा मोजून ॲडजस्टर आवश्यक तेवढा सैल करावा, अन्यथा ओढण्याची तक्रार मिटलेला क्लच घसरू लागतो.