अदलाबदल

पहाटे गजर बंद केला, पांघरूण पुन्हा ओढलं आणि मनात आलं, नवस केलेल्या प्रार्थनेच्या त्या अर्ध्या तासाऐवजी चर्चमधलं महिन्याचं अर्पण वाढवलं तर? वाक्य पुरं होण्याआधी लाज वाटली. पण आलं ते आलंच.

म्हणून बायबलमधलं लेवीय 27 काढून बसले. नवसाला लावलेलं जनावर बदलायचं नाही. चांगल्याच्या जागी वाईट नाही, हे कुणालाही पटेल. पण वाईटाच्या जागी चांगलंही नाही! बदललंच, तर आधीचं आणि बदली आणलेलं, दोन्ही पवित्र. म्हणजे आता अर्धा तासही द्यायचा आणि पैसेही. घर वाहिलं असेल तर सोडवता येतं, याजकाने ठरवलेल्या किमतीवर एक पंचमांश चढवून, शंभराला वीस. सोडवणं महाग, बदलणं त्याहून महाग. हा कायदा लिहिताना माणसाचं डोकं पहाटे कसं चालतं हे पुरतं माहीत होतं.

कुणी मागितलं नव्हतं. जिच्या आजारपणाची काळजी होती तिला बरं वाटलं, त्या रात्री मी आपणहून नवस बोलले, ‘जर’ न घालता. अनुवाद 23 म्हणतं, नवस केलाच नाहीस तर पाप नाही. ओठांतून निघाला तर मात्र विलंब लावू नकोस. मोडू नकोस हे मी धरूनच चालले होते. ‘विलंब’ टोचला.

आणि तो नाजीर, गणना 6 मधला, नवस करून ठरावीक दिवस देवाला वाहून घेतलेला. शेजारी कुणी अचानक मेलं, याचा काही दोष नाही, तरी सातव्या दिवशी डोकं मुंडायचं, आठव्या दिवशी दोन होले किंवा पारव्यांची दोन पिलं, वर वर्षभराचा कोकरा, आणि आधीचे दिवस हिशेबातून बाद. पुन्हा एकपासून. वाचताना त्याच्यासाठी, खरं तर स्वतःसाठीच, गळा दाटला. मग लक्षात आलं, माझ्या शेजारी कुणी मेलेलं नाही. थंडी होती.

त्याच्या नवसाला शेवट तरी आहे. मुदत भरली की दर्शनमंडपाच्या दाराशी केस कापून शांत्यर्पणाखालच्या विस्तवात टाकायचे, मोकळा. माझ्या वहीत ‘रोज पहाटे प्रार्थना’. कधीपर्यंत, आजारपणात काय, काही नाही. शास्तेमधल्या इफ्ताहाच्या नवसाचंही वाक्यच सैल होतं, ‘दारातून जे बाहेर येईल ते’. त्याचं काय झालं ते नको आत्ता.

लेवीय 22 मध्ये एक बैल आहे, एखादा अवयव लांब किंवा आखूड असलेला. स्वखुशीच्या अर्पणाला चालतो, नवसाला नाही. पेंगत केलेली प्रार्थना कुठे बसते मग? आठवड्यातल्या दोन तरी तशाच गेल्यात.

याकोब मात्र आज जवळचा वाटला. बेथेलला नवस करून गेला, सासऱ्याकडे, लाबानाकडे वीस वर्षं, परत आल्यावर शखेमजवळ जमीन विकत घेऊन तंबू ठोकून निवांत. शेवटी देवालाच म्हणावं लागलं, ऊठ, बेथेलास जा.

झोपताना गजर पाचला लावायला हात गेला. वहीत ‘साडेचार’ दोनदा गिरवलेलं आहे. साडेचारच राहू दिला.