आमची वाटचाल: एकवीस वर्षं आणि भिंतीवरचे पाच नंबर

कराडातल्या आमच्या जमीन मोजणीच्या ऑफिसात शिरलं की डाव्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोखाली, काळ्या मार्करनं पाच नंबर लिहिलेले दिसतात. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारतं, "हे मोबाईल नंबर कुणाचे?" मग आकडे मोजून गप्प बसतं, कारण ते सहाच भरतात. ते मशीनचे सिरियल नंबर आहेत. पहिला आमचा. त्यावर आडवी रेघ मारली आहे, आणि ती मारताना माझा हात थरथरत होता म्हणून ती वाकडी आहे.

फर्म २००४ च्या दसऱ्याला सुरू झाली. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड करून मी चार वर्षं रस्त्याच्या ठेकेदाराकडे उन्हात स्टाफ, म्हणजे उंची वाचायची आकड्यांची पट्टी, धरला होता. नाना भूमी अभिलेख खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले भूकरमापक. पेन्शन होती, पण घरात करमत नव्हतं. भागीदारीत मी भाड्याची थिओडोलाईट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, आणली आणि नानांनी त्यांची साखळी आणली. तेहतीस फुटी, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. टोकाची पितळी मूठ हाताच्या घामानं आरशासारखी झाली होती. कड्या झिजल्या की साखळी लांबते, म्हणून ऑफिससमोरच्या फरशीत नानांनी तेहतीस फुटांवर दोन खिळे ठोकले होते. दर महिन्याला साखळी त्या खिळ्यांशी लावून बघायचे. येणारे-जाणारे ठेचकाळायचे, शिव्या द्यायचे. नाना म्हणायचे, "देऊ दे. माप चुकल्यावर मिळतात त्या शिव्या याहून मोठ्या असतात."

टिपण, म्हणजे जुन्या मोजणीची मापं लिहिलेली शेताची आकृती, वाचावं तर नानांनी. टिपणावर बारा साखळी चार आणे लिहिलं असेल तर कॅलक्युलेटरला हात न लावता "एकशे तेवीस मीटर बावीस" म्हणायचे. आजकालची पोरं गट नकाशा स्कॅन करून ऑटोकॅडमध्ये ताणतात आणि त्यावरनं हद्द दाखवतात. अरे, तो कागद शंभर वेळा घडी घातलेला, दमट गठ्ठ्यात आवळलेला. तो कागदच आखडलाय, तर त्यावर टाकलेली रेघ कुठं जाणार? आधी टिपण काढा, मग फाळणी, म्हणजे नंतरच्या वाटण्यांची मोजणी, बघा, नकाशा सगळ्यात शेवटी. मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

इंदापूरची गोष्ट नाना दर नव्या हेल्परला ऐकवायचे. इंग्रजांच्या काळात आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्हा मोजला. त्याचे तक्ते भारी होते, पण सारा असा बसला की गावं ओस पडली. मग १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून पुन्हा सुरुवात केली, आणि आज आपण ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो ती पद्धत तिथून बसत गेली. नानांचं तात्पर्य एवढंच, की पहिली मोजणी फसली म्हणून लाजायचं नसतं, परत जाऊन मोजायचं असतं. हेल्परांना त्यातलं किती कळायचं देव जाणे. चहा येईपर्यंत ऐकून घ्यायचे.

२००५ मध्ये आप्पा आले. कृष्णाकाठचे शेतकरी, चुलतभावाशी बांधावरनं वाद. बांध दर नांगरटीला वीतभर सरकत गेलेला, कोण सरकवत होतं ते दोघांनाही माहीत. कोर्टात जायच्या आधी आपलं किती आहे ते तरी कळावं, म्हणून आमच्याकडे. आमचा नकाशा अधिकृत नाही, हद्द कायम करायची तर सरकारी मोजणी आणि 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा सरकारी नकाशाच लागतो, हे आम्ही पहिल्याच वाक्यात सांगतो. तेव्हाही सांगितलं. आप्पा म्हणाले, "सरकारचं कळंल तवा कळंल. तुमी खरं सांगा."

नानांनी टिपणावरनं दोन जुन्या खुणांपासून साखळी धरली. बाभळीच्या बुंध्याशी येऊन थांबले आणि पायानं फुली मारली. "इथं खणा." दीड-दोन फुटांवर पहार ठणकन वाजली. जुना हद्दीचा दगड, डोक्यावर फुलीची खूण, वर मुळ्यांनी वेढा घातलेला. चुलतभाऊ खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. दगड आप्पांच्या बाजूनं नव्हता. आप्पांचंच अतिक्रमण साडेतीन फूट निघालं. आप्पांनी तिथल्या तिथं बांध मागं घेतला, आमचे पैसे दिले, वर गुळाची एक ढेप दिली. त्या दिवसापासून आजवर त्यांनी आमच्याकडे चाळीसच्या वर कामं पाठवली असतील. भाचा, व्याही, पाणीपुरवठा सोसायटी, गावचं देऊळ.

२००६ ते २०१३ सांगण्यासारखं फार नाही. काम होतं, पोटाला मिळत होतं. नाना २०११ मध्ये वारले. साखळी मी ठेवून घेतली.

आता २०१४ कडे येतो.

आदल्या वर्षी बँकेचं कर्ज काढून नवीन टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर एकदम मोजणारं मशीन, घेतलं होतं. कोनाच्या पाच सेकंदांपर्यंत अचूक, साडेसहा लाखांचं. पहिल्या दिवशी बायकोनं त्याला हळदकुंकू लावलं आणि लेन्सवर बोट उमटलं म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. त्या मशीनच्या जोरावर माण-खटावकडचं एका पाइपलाइनच्या अलाइनमेंटचं काम मिळालं. अडतीस किलोमीटर, दर तीस मीटरला लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, घेऊन एल-सेक्शन, म्हणजे लाइनच्या लांबीवरचा चढउताराचा नकाशा, काढून द्यायचं. डिसेंबरपर्यंत बावीस किलोमीटर झालं होतं. मुक्कामाच्या गावी देवळासमोर जीप लावली, आम्ही तिघं देवळाच्या ओवरीत झोपलो. पहाटे उठून बघतो तर ताडपत्री फाडलेली आणि पिवळी पेटी गायब. ट्रायपॉड तेवढा ठेवला होता. नुसत्या तीन पायांचं काय करायचं हे चोरालाही कळलं नसावं.

पोलीस ठाण्यात, कोणत्या ते लिहीत नाही, तास-दीड तास "म्हणजे कॅमेराच ना?" यावर गेला. शेवटी फिर्यादीत "मोजणीची दुर्बीण, किंमत अंदाजे" असं आलं. मी हट्टानं सिरियल नंबर लिहायला लावला. बिलाची झेरॉक्स पाकिटात होती म्हणून तो सांगता आला. विमा होता, पण तो ऑफिसच्या पत्त्यावरच्या वस्तूंचा. देवळासमोरची जीप त्यात बसत नव्हती. बँकेचे एकोणतीस हप्ते बाकी, दरमहा चौदा हजार दोनशे. आणि सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. तीन दिवसांचा डेटा मशीनमध्येच होता. उतरवून घेतला नव्हता, कारण रात्री लाइट नव्हती आणि लॅपटॉप बंद पडला होता. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, डेटा उतरल्याशिवाय जेवायचं नाही. तुम्हीही करा.

त्या सकाळी मी एकच काम डोकं ठिकाणावर ठेवून केलं. सातारा-सांगलीकडचे आम्ही पंधरा-वीस सर्व्हेअर तेव्हा नुकतेच व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र आलो होतो. तिथं बहुतेक बॅटऱ्यांची चौकशी आणि कोणत्या ठेकेदारानं कुणाला बुडवलं याच्या बातम्या. मी मशीनचा फोटो आणि सिरियल नंबर टाकला. खाली लिहिलं, "दिसलं तर कळवा." दुपारपर्यंत तो मेसेज सोलापूर, कोल्हापूर, नगरपर्यंत पोचला होता.

संध्याकाळी इस्लामपूरहून एकजण आला. एका लग्नात भेट झालेली, तेवढीच ओळख. त्याचं जुनं मशीन मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवलेलं. म्हणाला, "बुडबुडा जरा उजवीकडे पळतो, पण मशीन अर्धा फेरा फिरवून फरक निम्मा केलास तर बसतं. पावसाळ्यापर्यंत वापर." पावती नाही, भाडं नाही. विट्याच्या दुसऱ्यानं स्वतःचं मशीन आणि हेल्पर घेऊन गेलेला तीन दिवसांचा भाग परत मोजून दिला, डिझेलचे तेवढे घेतले.

त्याच आठवड्यात, त्याच ग्रुपातला तिसरा एकजण पाइपलाइनच्या ठेकेदाराकडे जाऊन बसला. नाव घेणार नाही. घेतलं तरी सगळ्यांना माहीत आहे आणि न घेतलं तरी आहे. त्यानं सांगितलं की यांचं मशीन गेलं, आता उधारीच्या मशीनवर काय लेव्हल घेणार, उरलेलं काम मी निम्म्या दरात करतो. ठेकेदारानं मला फोनवर काम थांबवायला सांगितलं. झालेल्या कामाचं बिल एक लाख पंच्याऐंशी हजार. "साहेब बाहेरगावी आहेत" हे वाक्य मी त्यानंतर दोन वर्षं ऐकलं. पैसे आजतागायत आलेले नाहीत.

ह्या धंद्यात कमी दरानं काम घेण्याला मी चोरी म्हणत नाही. मीही घेतलंय. पण त्यानं आमच्या टीबीएमवरनं, म्हणजे उंची ठरवलेल्या कामापुरत्या खुणेवरनं, लेव्हल उचलली, आमच्याच लाल रंगाच्या खुणांवर स्टाफ ठेवला आणि शेवटी क्लोज केलीच नाही, म्हणजे माहीत असलेल्या उंचीवर परत येऊन चूक तपासलीच नाही. मला कसं कळलं? त्याचा हेल्पर पुढं आमच्याकडे कामाला आला. अडतीस किलोमीटर जाऊन परत बांधून घ्यायची नाही, म्हणजे पाणी चढाला चालवायचं म्हणा. मागं-पुढं वाचलेल्या आकड्यांची, बॅकसाईट-फोरसाईटची, बेरीज आईला फसवेल, पण क्लोजिंग एररला फसवता येत नाही.

तो जानेवारी मी ऑफिसात बसून काढला. हप्ता थकला. हेल्परला सांगितलं, दुसरीकडे बघ. तो "बघतो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर येऊन फरशी पुसायला लागला. एका सकाळी आप्पा जिना चढून आले. टेबलावर पाच हजार ठेवले.

"माझं चार एकर मोजून दे."

"आप्पा, गेल्या वर्षीच मोजलंय की."

"परत मोज. ऊस हाय, मुळी हलली आसंल."

"उभ्या उसात काय दिसणार? तोड झाल्यावर येतो."

"मग तोड झाल्यावर मोज. पैसं आत्ता घे."

मी घेतले. नको म्हणायची ऐपत नव्हती.

फेब्रुवारीत पुण्याहून फोन आला. मशीन दुरुस्तीचं काम करणारा एक टेक्निशियन, आमच्या ग्रुपातल्या कुणाच्या तरी मित्राचा मित्र. त्याच्याकडे एकजण कीपॅड अडकतोय म्हणून मशीन घेऊन आला होता. कॅलिब्रेशनच्या नोंदीत लिहायला त्यानं नंबर बघितला आणि त्याला मोबाईलमधला मेसेज आठवला. आणणाऱ्याला "पार्ट मागवावा लागेल, गुरुवारी या" म्हणून सांगितलं. गुरुवारी पोलीस आधी आले. तो माणूस भंगारवाल्याकडून चाळीस हजारांना घेतलं म्हणत होता. खरं असेलही. मुद्देमाल सोडवायला कोर्टात पाच खेटे घातले आणि एप्रिलच्या शेवटी पेटी हातात आली. कीपॅडवरचं पाच नंबरचं बटण खरंच अडकत होतं. आतला डेटा पुसलेला.

म्हणून तो नंबर भिंतीवर आहे. नंतर ग्रुपात ज्याचं ज्याचं मशीन गेलं त्याचा नंबर खाली लिहीत आलो. सापडलं की रेघ.

नंतरचं भराभर सांगतो. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात नदीकाठचे बांध, खुणा, दगड सगळं गाळाखाली गेलं, आणि माणसं स्वतःच्या रानात उभी राहून आपलं रान कुठं म्हणून विचारत होती. त्या वर्षी ग्रुपातल्या प्रत्येकानं आपापल्या जुन्या कामांचे कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा पक्की माहीत असलेले बिंदू, काढून एकमेकांना दिले. एरवी आम्ही ते बायकोच्या दागिन्यांसारखे जपतो. मग सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स स्टेशनं, म्हणजे उपग्रहाचे सिग्नल सतत घेऊन दुरुस्ती पाठवणारी केंद्रं, राज्यभर उभी राहिली. रोव्हर, म्हणजे काठीवरचा उपग्रह-रिसीव्हर, घेतला की मोबाईलच्या नेटवर काही सेंटिमीटरांत पॉइंट. उभ्या उसाच्या कडेनंही काम होतं, मशीनला समोरचं दिसायची गरज नाही. पाटणच्या खोऱ्यात रेंज गेली की मात्र पोरं आभाळाकडे बघत बसतात, आणि मी डिकीतनं जुनं टोटल स्टेशन काढतो. पाच नंबरचं बटण अजून अडकतं.

आता नवी बातमी. २०२५ मध्ये महसूलमंत्री बावनकुळे यांनी परवानाधारक खाजगी भूमापकांकडून मोजणी करून घ्यायची घोषणा केली. अर्ज केल्यावर तीस दिवसांत मोजणी. ग्रुपवर त्या दिवशी दोनशेच्या वर मेसेज पडले. कर्नाटकात परवानाधारक सर्व्हेअर कधीपासून आहेत, आपल्याकडे आता. वीस वर्षं गिऱ्हाइकाला पहिल्याच वाक्यात "आमचा नकाशा अधिकृत नाही" सांगणाऱ्या माणसाला ही बातमी काय असते ते कार्यालयात बसणाऱ्याला कळायचं नाही. मी नानांच्या फोटोपुढं उदबत्ती लावली. मग मनात आलं, परवाना मिळाला की दबावही येणार. गावचा पुढारी गाडीतनं उतरून "जरा इकडं सरकवा" म्हणणार. आजवर आमच्या रेघेला किंमत नव्हती म्हणून ती सरकवायला कुणी येत नव्हतं.

त्या दिवशी ग्रुपवर सगळ्यात लांब मेसेज कुणाचा? त्याचाच, निम्म्या दरवाल्याचा. "आता आपण सर्वांनी एकजुटीनं उभं राहिलं पाहिजे", खाली हात जोडलेले सात. बैठक बोलवायची म्हणून मलाच फोन केला. मी गेलो. शेजारच्याच खुर्चीवर बसलो, चहा घेतला. एक लाख पंच्याऐंशी हजारांचा विषय त्यानंही काढला नाही आणि मीही नाही.

आप्पा आता ब्याऐंशीचे आहेत. जिना चढवत नाही, खालून हाक मारतात. पाच हजारांची मोजणी मी त्याच मे महिन्यात केली होती. बांध जिथल्या तिथं होता.

मागच्या सोमवारी फलटणकडच्या एका पोराचा रोव्हर गेला. वर्ष झालं नाही घेऊन, हप्ते चालू. त्याचा नंबर भिंतीवर पाचवा लिहिलाय. आमचं जुनं मशीन त्याला पाठवलं, पाच नंबरच्या बटणाचं सांगून. वरच्या चारांपैकी तिघांवर रेघ आहे.