आर्टेमिया, थंडी आणि इडलीचं पीठ

काल रात्री साडेदहाला पंप बंद केला, दहा मिनिटं थांबलो, उलट्या बाटलीच्या तोंडाशी टॉर्च धरला आणि बघतो तर केशरी धूर! बोटभर जाडीचा थर, नुसता वळवळणारा. अंड्यांतून फुटलेला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव, माझ्या अ‍ॅक्सोलॉटलच्या पिल्लांचं जिवंत जेवण. नऊ दिवसांनी. रात्री घरात ओरडता येत नाही म्हणून गप्प बसलो, पण आईला उठवून दाखवलाच.

आधी वाईट बातमी. मागच्या नोंदीतल्या अ‍ॅक्सोलॉटलच्या (पाण्यात राहणारा, सरड्यासारखा दिसणारा उभयचर) ५८ पिल्लांपैकी आज ४१ उरली आहेत. त्यातल्या अकरांचे पुढचे पाय भावंडांनी कुरतडलेत. पाय परत येतील, अ‍ॅक्सोलॉटलच ते, त्याची चिंता नाही. पण गेलेली सतरा माझ्या मूर्खपणानं गेली, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

डिसेंबरअखेर पिल्लं फुटली तेव्हा बीबीएसची (आर्टेमियाच्या ताज्या पिल्लांची) बाटली स्वयंपाकघरात ओट्यावर होती. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, बूड कापून उलटी टांगलेली, लिटरला २५ ग्रॅम मीठ, चिमूटभर खायचा सोडा. चोवीस तासांत आर्टेमिया तयार, एकदाही चुकलं नाही. मग आईनं बजावलं की भाजी चिरायच्या जागी खाऱ्या पाण्याची बुडबुड चालणार नाही. तिचंही बरोबरच होतं. ३ जानेवारीला बाटली वर, पिल्लांच्या खोलीत नेली. त्याच दिवशी आर्टेमियाच्या अंड्यांचा नवा डबाही उघडला. एका वेळी दोन गोष्टी बदलू नयेत, हे आपण नव्या मंडळींना येता-जाता ऐकवतो. असो.

दुसऱ्या दिवशी बाटलीत तपकिरी अंडी तशीच गरगरतायत. तिसऱ्या दिवशीही तेच. संशय अर्थातच नव्या डब्यावर. दुकानदाराला फोन केला तर तो मलाच विचारतो, "मीठ कुठलं वापरता?" मग आयोडीनचं मीठ सोडून खडे मीठ आणलं. फरक शून्य. (दोन्ही मिठांच्या बाटल्या आता शेजारीशेजारी लावून पाहिल्यात, दोन्हीकडे सारखीच फुटतात. खडे मिठाचं कौतुक आता पुरे.) सोडा वाढवला. एअरस्टोन काढून नुसती नळी सोडली, कारण बारीक बुडबुड्यांनी अंडी उडून बाटलीच्या कडांना चिकटतात. हा बदल मात्र चांगला होता, तो ठेवणार आहे. रात्रभर दिवा चालू ठेवला. तरीही चमचाभर अंड्यांतून पंधरा-वीस पिल्लं, तीही अठ्ठेचाळीस तासांनी.

इकडे अ‍ॅक्सोलॉटलच्या पिल्लांच्या डब्यांमध्ये उपासमार. या वयात ती समोर हलेल तेच धरतात, पडलेल्या मेल्या खाण्याला तोंड लावत नाहीत. आणि हलणारं दुसरं काही नसलं की शेजाऱ्याचा पाय हलतोच. सकाळी पाणी बदलताना एकाच्या तोंडातून भावाचा पंजा बाहेर आलेला पाहिला, त्या दिवशी जेवण गेलं नाही. मिरजेच्या मित्रानं अर्धी बाटली मोइना (गोड्या पाण्यातला पिसवेएवढा जीव) दिला म्हणून चार दिवस निभावलं. मोइनाचं एक बरं असतं, गोड्या पाण्यात तो खाल्ला जाईपर्यंत जिवंत राहतो. आर्टेमिया काही तासांत मरतो आणि पाणी नासवतो. पण मोइनासुद्धा वाढेना, होता तेवढा संपला. तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती.

पेटवली आईनं. परवा रविवारी इडल्या चपट्या झाल्या. ती म्हणाली, "पीठच आलं नाही बघ या थंडीत." मी तिकडे बाटलीचं रडगाणं गात होतो. तर म्हणे, "पिठाला ऊब लागते, विरजणाला लागते, तुझ्या अंड्यांना नको होय?"

वर गेलो, थर्मामीटर पहिल्यांदाच बाटलीत घातला. साडेसतरा! पिल्लांच्या डब्यांमध्ये साडेअठरा होतं, म्हणजे बाटली खोलीतल्या पाण्यापेक्षाही गार. सतत हवा सोडल्यानं पाणी उडत राहतं आणि आणखी गार पडतं, दुसरं काय. आर्टेमियाला २६ ते २८ हवं. सांगलीची जानेवारीतली जी थंडी पिल्लांना मानवते म्हणून मी इतके दिवस खूश होतो, तीच त्यांच्या जेवणाला मारत होती. दोघांना एकाच खोलीत ठेवलं, हीच चूक.

उपाय साठ रुपयांत झाला. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचं मोठं खोकं, त्यात पाण्याची बादली, बादलीत जुना ५० वॅटचा हीटर २८ वर, आणि बादलीत बाटली उभी. परवा रात्री लावली, काल रात्री केशरी धूर. तोच डबा, तेच मीठ. दुकानदाराला मनातल्या मनात सॉरी म्हटलं, तरी डब्यावरचं '९० टक्के' मी मानत नाही. माझ्याकडे फार तर निम्मी फुटतात.

गाळायला चहाची गाळणी चालत नाही, सगळं निसटतं. जुना सुती रुमाल घ्या, गोड्या पाण्यात एकदा खळबळा आणि मग ड्रॉपरनं द्या. रात्री अकराला पहिला घास दिला. आधी काहीच नाही, नुसती टक लावून बसलेली. मग एकानं मान झटकली, टक्! दुसऱ्यानं झटकली. सकाळी पाहिलं तर एकेकाचं पारदर्शक पोट संत्र्याच्या फोडीसारखं भरलेलं. पाय तुटलेली अकराही खातायत. त्यांना श्रीखंडाच्या अर्धा किलोच्या डब्यांत एकेकटं ठेवलंय, बाकीच्यांची मापाप्रमाणे तीन टबांत वाटणी. मोठी आणि छोटी एकत्र ठेवायची नाहीत, मी ठेवली होती. पाणी रोज पूर्ण बदलतोय, आदल्या दिवशी अँटिक्लोरीन टाकून मुरवलेलं.

आता पुढचं. माझा बेत होता की फेब्रुवारीत छोटा चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र) घ्यायचा, कारण वरच्या मजल्यावर स्लॅब तापला की पाणी तिशीला टेकतं आणि अ‍ॅक्सोलॉटलचं चोविशीच्या वर काही खरं नाही. चिलरच्या किमती बघून भोवळ आली. मग काल पंपाशेजारी बसून माठाचा विचार आला. कुंभाराकडून पसरट कुंडी, त्यात ओली वाळू, वाळूत टब, वर फडकं. आपल्याकडे मार्चात दुपारची हवा कोरडी असते, माठ चांगला गार होतो. मोजून आकडे टाकतो.

हे लिहितालिहिताच एक सुचलं. टाक्या वर का आहेत? २०१९ च्या पुरात खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं म्हणून. पण कृष्णेला पूर येतो पावसाळ्यात. फेब्रुवारी ते मे खालची शहाबादी फरशीची खोली रिकामीच असते, तिथे मे महिन्यातही अनवाणी पाय गार लागतात! चिलर रद्द. महिनाअखेर सगळं खाली, जूनमध्ये परत वर. माठाचा प्रयोग खालीच करेन.

पिल्लं मागणाऱ्यांसाठी: अजून दोन महिने तरी कुणालाच नाही. आणि आधी परिवेश या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचं पाहून घ्या. हा प्राणी साइट्सच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मधला आहे, माझ्याकडून बिनकागदाचं एकही जाणार नाही.

थर्माकोलच्या खोक्यात बाटलीशेजारी आता इडलीच्या पिठाचं पातेलंही बसतं. झाकण घट्ट लावायचं आणि रुमाल वेगळा ठेवायचा, एवढ्याच आईच्या अटी.