गाना भरी दे भो

मे महिन्यात दुपारी दोनला जळगावच्या गोलाणी मार्केटात चिटपाखरू नसतं. तरी कॉम्प्युटरच्या दुकानात एखादा ट्रॅक्टरवाला पेनड्राइव्ह घेऊन घाम पुसत उभा असतोच. "अहिरानी गाना भरी दे भो." क्लाउड आला, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पेनड्राइव्हचा धंदा बसणार हे तेव्हापासून ऐकतोय. ट्रॅक्टरच्या टेपपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

२००० साली पेनड्राइव्ह बाजारात आला तो ८ एमबीचा. म्हणजे जेमतेम सहा फ्लॉप्या. आता ४ आणि ८ जीबीवाले दिसेनासे झालेत, खप ३२ आणि ६४ चा. त्यातही टेपसाठी ३२ च घ्यावा. पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या: ६४ चा बहुतेकदा कारखान्यातूनच 'एक्सफॅट' होऊन येतो आणि स्वस्तातल्या टेपला सहसा कळतं फक्त जुनं 'फॅट३२'. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्याय सहसा नसतो, रुफससारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. शिवाय बरेच टेप गाणी नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने वाजवतात. हळदीच्या गाण्यांमध्ये एकदम भजन लागतं ते यामुळे.

खरी गोम चिपमध्ये आहे. पेनड्राइव्हमध्ये डेटा धरून ठेवणारी ही फ्लॅश चिप बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्या मोजक्याच: सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन वगैरे. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढायला सुरुवात केली आणि भाव चढले. चांगली चिप आधी एसएसडीला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वेगवान डिस्कला, जाते. पेनड्राइव्हच्या पंगतीला उरलंसुरलं. त्यामुळे पेनड्राइव्ह मरणार नाही, महाग होईल. आणि अस्सल माल महागला की हातगाडीवरच्या 'चारशे रुपयांत २ टीबी'ला गिऱ्हाईक वाढणार, याची मला खात्री आहे.

त्या '२ टीबी'त, म्हणजे दोन हजार जीबीवाल्यात, खरी चिप बहुधा ३२ नाहीतर ६४ जीबीची असते. चिप सांभाळणारा कंट्रोलर कॉम्प्युटरला थाप मारतो. जागा संपली की नवा डेटा जुन्यावर चढतो किंवा हवेत जातो. फाइलचं नाव दिसतं, उघडत मात्र नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरने पूर्ण भरून परत वाचला की पितळ उघडं पडतं. पण सेकंदाला १० एमबीच्या वेगाने २ टीबी भरायला दोन दिवसांहून जास्त लागतात, एवढा दम कोणाला? १०० जीबीच भरून बघा. पावणेतीन तास लिहायला, वाचायचे वेगळे, आणि बहुतेक वेळा तेवढ्यात निकाल लागतो.

दुसरं मोठं गिऱ्हाईक लग्नाचे फोटोग्राफर. मखमली डबीत पेनड्राइव्ह, डबीवर नवरा-नवरीची नावं. ती कपाटात जाते ती जातेच. फ्लॅशमध्ये डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. चिप हलकी असली तर आणखी लवकर. आपल्याकडे पारा पंचेचाळिशी गाठतो, पत्र्याच्या खोलीतलं कपाट तर भट्टीच. दोन-तीन वर्षांनी सगळं उतरवून घ्यावं, फॉरमॅट करून पुन्हा भरावं. नुसतं लावून पाहिल्याने भागेलच असं नाही. आणि एक प्रत हार्डडिस्कवर ठेवावी.

करतं कोण? घरात कॉम्प्युटर नाही, आणि मुलाने नवा लॅपटॉप आणलाच तर त्याला कधी कधी टाइप-सीशिवाय भोक नसतं, जुना पेनड्राइव्ह बसायचा कुठे?