तरसाने टायर फाडलं, पण दिवस कागदाने खाल्ले

टायर दुसऱ्याच दिवशी दुपारी बदलून झालं. मला मात्र पुन्हा उडायला २३ दिवस लागले. त्या २३ दिवसांचा राग अजून उतरलेला नाही. बोत्सवानात मौन या गावी वैमानिकाची नोकरी शोधत येणाऱ्या आपल्या मुलामुलींवर अशी वेळ आली, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितोय.

मी बारामतीत शिकलो. २०० तास पूर्ण करून कमर्शियल लायसन्स घेतलं. इथली लायसन्सची मान्यता, वर्क परमिट, बायोडेटा घेऊन दारोदार फिरणं हे सगळं यथावकाश झालं. काम म्हणजे सहा आसनी सेसना २०६ मधून ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या सफारी कॅम्पांवर पाहुणे आणि किराणा पोचवायचा. धावपट्ट्या मातीच्या, दिवे नाहीत, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत मौनला परतायचं.

जानेवारीत एका संध्याकाळी खवाई नदीकडच्या धावपट्टीवर अडकलो. मौनच्या वाटेवर गडगडाटी ढगांची भिंत उभी होती. मुक्काम केला, आणि उद्या तशीच वेळ आली तरी मी मुक्कामच करेन. विमान दोरांनी बांधलं. पिटो नळीला, म्हणजे वेग मोजायला हवा घेणाऱ्या नळीला, टोपी घातली. ही टोपी कधीही विसरू नका, कुंभारीण माशी त्या नळीत चिखल भरते आणि मग वेगाचा काटा खोटं सांगतो. राहिलं ते चाकांचं. आपल्याकडे शेताला बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घालतात ना, तशीच कुपाटी इथे टायरांभोवती करायची असते. पहिल्याच आठवड्यात हे शिकवलेलं. पण पाऊस अंगावर आला होता, अंधार पडत होता, मी तसाच निघून गेलो. ही चूक पूर्णपणे माझी.

सकाळी उजवं चाक रिमवर बसलेलं. टायरच्या चिंध्या आणि ट्यूबचे तुकडे गवतात वीसेक पावलांपर्यंत पसरलेले. कॅम्पच्या गाइडने वाकून ठसे पाहिले आणि म्हणाला, "फिरी." म्हणजे तरस. पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा आणि नखं स्पष्ट उमटलेली. सिंह चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशात ती दिसत नाहीत. गाइडने जीप लांब थांबवली, म्हणून ठसे मोडले नाहीत. शेजारी पेन ठेवून मी फोटो काढले. पुढे मला तारलं ते त्याच फोटोंनी.

इंजिनिअर टायर घेऊन आला, ब्रेकची नळी तपासली, लॉगबुकवर सही केली. दुपारी चारला विमान मौनला. मला वाटलं, संपलं.

पण घटनेचा अहवाल नोंदवून त्याचा क्रमांक मिळेपर्यंत मला उडायची परवानगी नव्हती, आणि क्रमांक देणारं कार्यालय वेगळं. मी प्राण्याची धडक झाल्यावर भरतात तो फॉर्म भरला. त्यात उंची, वेग, उड्डाणाचा टप्पा असे रकाने. मी लिहिलं: उंची शून्य, वेग शून्य, विमान उभं. चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. उभ्या विमानाला धडक कशी? मग अपघाताचा फॉर्म भरला. तो सातव्या दिवशी परत. विमानात कोण होतं, तो रकाना रिकामा का? कोणीच नव्हतं, म्हणून रिकामा! मी स्वतः गेलो, तर संबंधित अधिकारी रजेवर. कागद त्यांच्या टेबलावर, आणि त्याला हात लावायचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. त्यात अकरा दिवस गेले.

रोज सकाळी साडेसहाला एकामागून एक विमानं जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना खोलीत ऐकू यायची. भारतात एअरलाइनचं वरचं लायसन्स हवं तर १५०० तास लागतात. माझे ६४० झाले होते आणि तिथेच थांबले होते. पगाराचा मोठा भाग तासांवर, तोही बुडाला. आईला फोनवर सांगितलं की पाऊस आहे म्हणून उड्डाणं कमी आहेत.

शेवटी एका रात्री आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं परिशिष्ट १३, म्हणजे अपघातांच्या चौकशीचे नियम, काढून वाचलं. वैमानिकासह चालणाऱ्या विमानाचा अपघात धरला जातो तो कोणीतरी उड्डाणाच्या हेतूने विमानात चढल्यापासून सगळे उतरेपर्यंतच. म्हणजे माझी घटना त्या फॉर्ममध्ये कधीच बसणार नव्हती, आणि हे मला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. एक पानी पत्र लिहिलं: हा अपघात नाही, धडकही नाही, जमिनीवर उभ्या विमानाचं नुकसान म्हणून नोंद करावी. सोबत ठशांचे फोटो आणि लॉगबुकच्या पानाची प्रत. अधिकारी रजेवरून आलेल्या होत्या. आधी "दुमेला, म्मा" (नमस्कार, बाई) म्हणून तब्येत विचारली. इथे नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय कामाचं बोलणं उद्धट समजतात, आणि आधीच्या फेरीत मी तावातावाने थेट विषयाला हात घातला होता. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी क्रमांक मिळाला.

तेव्हा फॉर्म निवडत बसू नका. आधी पत्र द्या, कोणता फॉर्म ते त्यांनाच लिहून द्यायला सांगा, आणि पोच घ्या. अजून एक, कॅम्पसाठी मांस नेलं असेल तर मुक्कामाआधी केबिन आणि सामानाचा कप्पा धुऊन घ्या. मी त्या दिवशी नेलं होतं.

चोविसाव्या दिवशी पहिलीच फेरी त्याच धावपट्टीची मिळाली. खाली घिरटी घातली तर इंपाला हरणं पळाली, पण धावपट्टीच्या मधोमध पाच हत्ती, एक पिल्लू. हत्ती विमानाच्या आवाजाने हलतीलच असं नाही, त्यांना रेटायचंही नाही. यासाठीच इंधन हिशेबापेक्षा जास्त ठेवायचं. मी वर जाऊन बारा मिनिटं घिरट्या घातल्या. मागे बसलेले पाहुणे खिडकीला चिकटले होते आणि मला उतरायची जराही घाई नव्हती.